माऊसने हात दुखतोय? आधी नेमकी कुठली हालचाल दुखते ते शोधा

मी पुस्तकांची पानं लावायचं काम करते, म्हणजे मजकूर आला की तो पानात बसवायचा, चित्रं सरकवायची, ओळी जुळवायच्या, आणि हे सगळं माऊसवर, दिवसाचे आठ-नऊ तास. काही वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू झाला. वाटलं हात अवघडला असेल, जाईल दोन दिवसांत. गेला नाही. मग कुठेतरी वाचलं की ट्रॅकबॉल हाताला चांगला, हात हलवावाच लागत नाही, नुसता गोळा फिरवायचा, म्हणून लगेच मागवला. त्यातला गोळा अंगठ्याने फिरवायचा होता. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की शर्टाचं बटण लावताना डोळ्यात पाणी यायचं आणि पाण्याने भरलेला जग एका हाताने उचलता येईना.

ट्रॅकबॉल वाईट नव्हता. दुखत होता अंगठा, आणि मी हाताची सगळी कामं काढून त्याच अंगठ्याच्या गळ्यात मारली होती. हे कळायला मला दोन महिने लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून लिहितेय.

तर मुद्दा असा आहे की "माऊस वापरणं" हे एक काम नाहीये. त्यात पाच वेगळी कामं आहेत. माऊस धरून ठेवणं, तो सरकवणं, क्लिक करणं, बटण दाबून ठेवून ओढणं म्हणजे ड्रॅग, आणि चाक फिरवणं. प्रत्येक कामाला हाताचा वेगळा भाग राबतो. आणि मजा म्हणजे ही पाचही कामं एकमेकांपासून सोडवता येतात, एक इकडे दुसरं तिकडे असं वाटून देता येतं. पण त्यासाठी आधी हे माहीत पाहिजे की आपलं नक्की काय दुखतंय, आणि ते समजायला हात आतून कसा चालतो ते थोडं बघावं लागेल.

आत्ता हे वाचतावाचताच करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताला कोपराच्या जरा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं क्लिक करतो तशी टेबलावर वाजवा. पकडलेल्या जागी कातडीखाली काहीतरी हलताना लागेल. बोट हललं पण हालचाल कोपराजवळ, असं का? कारण बोटांमध्ये स्नायू नसतातच. काही छोटे स्नायू तळहातात आहेत, पण खरा जोर लावणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, आणि तिथून लांब दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. कठपुतळीसारखं. त्यामुळे बोटाचं दुखणं बऱ्याचदा बोटात तयार झालेलं नसतं, वाटेत कुठेतरी दोरी घासतेय किंवा नस, म्हणजे नर्व्ह, दबतेय असं असतं.

आणि वाटेतली सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे मनगट. तळहाताच्या बाजूने मनगटात एक अरुंद बोगदा आहे, खाली मनगटाची छोटी हाडं (ती एकूण ८ असतात) आणि वरून एक चिवट पट्टा. या बोगद्यातून ९ दोऱ्या आणि एक मोठी नस जाते. जागा इतकीच, वाढत नाही. दोऱ्यांभोवती थोडी जरी सूज आली तरी दबते ती नस, कारण सगळ्यात मऊ तीच. या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात, आणि त्यात नस दबून होणाऱ्या दुखण्यालाही लोक तेच नाव देतात. मनगट सरळ असताना आतला दाब सगळ्यात कमी असतो, मनगट वर किंवा खाली वाकवलं की तो वाढतो, आणि बोटाने जोर लावला, विशेषतः बटण दाबून ड्रॅग केलं, की अजून वाढतो.

कुठल्या बोटाला मुंग्या येतात यावरून बरंच कळतं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि करंगळीशेजारच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्या भागाला ही बोगद्यातली नस पुरते. हो, एकाच बोटाची अर्धी बाजू, मधल्या बोटाकडची. म्हणून एकाच बोटाची एक बाजू बधिर आणि दुसरी ठीक असं झालं तर घाबरू नका, तारा तशाच जोडलेल्या आहेत. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ही तर या दुखण्याची अगदी नेहमीची खूण. पण करंगळी आणि शेजारच्या बोटाची तिच्याकडची अर्धी बाजू बधिर होत असेल तर ती नस वेगळी, ती कोपराच्या मागून जाते, तीच जी आपटली की हातात करंट बसतो. अशावेळी माऊस बदलून काही होणार नाही, आधी बघा की तुमचं कोपर दिवसभर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकलेलं असतं का.

माझं दुखणं होतं अंगठ्याच्या बाजूचं. अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका नळीसारख्या वेष्टनातून जातात आणि तिथे जाड होऊन घासायला लागतात. याला डी क्वेरवेन म्हणतात, स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं होतं, म्हणजे माऊस यायच्या कितीतरी आधी, कपडे पिळणं, बाळ उचलणं यानेही ते होतं. बोट मिटलं की अडकतं आणि सोडताना खटकन उघडतं, तो ट्रिगर फिंगर. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं तो टेनिस एल्बो, आणि टेनिस न खेळता तो का होतो ते पुढे सांगते. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे सुजलेले, आखडलेले, आणि मोकळे व्हायला अर्धा-एक तास लागतो, असं असेल तर संधिवाताची शंका घ्यायची, त्यात माऊसचा दोष नसतो, माऊस फक्त ते दुखणं जाणवून देतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सगळा दोष माऊसवर टाकून मोकळे होऊ नका. कार्पल टनेल डायबेटिसमुळे, थायरॉईड कमी असल्यामुळे, गरोदरपणात, संधिवातात पण होतो. हाताला मुंग्या येतात म्हणून महागडे माऊस घेत बसायचं आणि साखर तपासायचीच नाही, हे धोक्याचं आहे. मुंग्या दिवसभर जात नसतील, हातातून वस्तू सुटत असतील, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा चपटा दिसायला लागला असेल, सांधा लाल आणि गरम झाला असेल किंवा मानेपासून पूर्ण हातात कळ जात असेल तर पुढचं वाचायचं थांबवून डॉक्टरांची वेळ घ्या. बराच काळ दबलेली नस नंतर मोकळी केली तरी पूर्ण पहिल्यासारखी होईलच असं नसतं. आणि डॉक्टर म्हटलं की लगेच ऑपरेशन असं नाही, सुरुवातीला बऱ्याच जणांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, यावरच आराम पडतो. मला अंगठा हलू न देणारा पट्टा दिला होता.

आता पाच कामांकडे येऊ. दोन दिवस एक कागद माऊसशेजारी ठेवा आणि दुखलं की त्या क्षणी हात काय करत होता तेवढं एका शब्दात लिहा. धरणं, सरकवणं, क्लिक, ड्रॅग, चाक. बास. मी लिहिलं तेव्हा मला वाटत होतं क्लिकने दुखतं, पण कागदावर बघते तर निम्म्याहून जास्त वेळा "धरणं" लिहिलेलं.

आणि धरणं हेच असं काम आहे ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ते करतोय हेच कळत नाही. पुढच्या वेळी स्क्रीनवर काहीतरी लांबलचक वाचत असाल तेव्हा मान न हलवता नुसती नजर हाताकडे न्या. माऊस हलत नाहीये, क्लिक होत नाहीये, तरी हात माऊसवर आहे, अंगठा आणि करंगळी दोन्हीकडून दाबून बसलेत, आणि पहिलं बोट बटणाच्या किंचित वर उचललेलं आहे, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. ते उचललेलं बोट तसंच हवेत धरायला कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तासन्‌तास ताणून राहतात, आणि टेनिस न खेळता टेनिस एल्बो होतो तो असा. जास्त वजन उचलण्याइतकंच थोडं वजन न थांबता उचलून धरणंही स्नायूला नको असतं. उपाय फुकटचा आहे. वाचताना हात माऊसवरून काढायचा आणि मांडीवर ठेवायचा, तळवा वर करून. सवय लागायला मला महिना गेला, पण जेवढा फरक या एका गोष्टीने पडला तेवढा विकत घेतलेल्या कशानेच नाही पडला.

धरण्यातच माऊसचा आकार येतो. लॅपटॉपच्या बॅगेत मावावेत म्हणून बनवलेले बारके माऊस मोठ्या हाताने धरायचे तर बोटं नखं रोवल्यासारखी वाकवावी लागतात. तळवा माऊसवर टेकला पाहिजे आणि बोटं आरामात लांब पडली पाहिजेत, एवढं बघून घ्या. उभा माऊस, म्हणजे व्हर्टिकल, तो का बरा वाटतो तेही सांगते. कोपराखाली दोन हाडं आहेत. हस्तांदोलनाला हात पुढे केला की ती शेजारी शेजारी असतात, पण तळवा टेबलाकडे केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं, पीळ बसतो. साधा माऊस म्हणजे दिवसभर तो पीळ. उभा माऊस हात हस्तांदोलनासारखा ठेवतो. पण एक अडचण आहे, यात बटण आडवं दाबावं लागतं आणि माऊस सरकू नये म्हणून अंगठ्याने पलीकडून आधार द्यावा लागतो, त्यामुळे ज्यांचा अंगठा दुखतो त्यांना तो सोसेलच असं नाही. बारीक कामात सुरुवातीला नेमही चुकतो. शक्य असेल तर कोणाचा तरी दोन दिवस मागून आणा आणि मग ठरवा.

सरकवणं दुखत असेल, म्हणजे मनगट किंवा खांदा, तर आधी कीबोर्डकडे बघा. उजव्या बाजूला आकड्यांचा जो गठ्ठा असतो त्याच्यामुळे माऊस लांब ढकलला जातो, हात बाहेर पसरून राहतो आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. आकडे लागत नसतील तर आकड्यांविना येणारा छोटा कीबोर्ड घ्या, माऊस एकदम कुशीत येतो. मनगट एका जागी रोवून उजवी-डावीकडे पुसल्यासारखं हलवू नका, कोपरापासून पूर्ण हात सरकवा. मनगटाखाली ठेवायच्या त्या मऊ जेलच्या गाद्यांबद्दल बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे, त्या थांबल्यावर टेकायला ठीक आहेत, पण काम करताना मनगट त्यावर दाबून ठेवलं तर दाब थेट त्या बोगद्यावर येतो. टेकायचंच तर तळव्याची मांसल बाजू टेकवा. कर्सरचा वेग वाढवला की हात कमी सरकवावा लागतो हे खरं, पण मग बारीक जागी थांबवायला बोटं जास्त आवळली जातात, म्हणून थोडा थोडा बदलत तुमचा मध्य शोधा.

क्लिक. विंडोजमध्ये फोल्डरच्या ऑप्शन्समध्ये एका क्लिकने फाईल उघडायची सोय आहे, ती चालू केलीत तर फाईल-फोल्डरसाठी डबल क्लिक लागतच नाही. नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबा, तेच काम. राईट क्लिकऐवजी शिफ्ट आणि एफ १०. पण क्लिक हे बोटाचंच काम आहे असंही काही नाही. कर्सर एका जागी थोडा वेळ थांबला की आपोआप क्लिक होतं अशी सोय मॅकमध्ये ड्वेल नावाने आहे आणि लिनक्सच्या ग्नोम नावाच्या डेस्कटॉपमध्ये होव्हर क्लिक नावाने. विंडोजमध्ये माऊस कीज आहे, डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की आकड्यांचा गठ्ठाच माऊस होतो, ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक, बाकीच्या आकड्यांनी कर्सर हलतो. नुसत्या त्याच्यावर कर्सर चालवायचा तर फार हळू वाटतो, मान्य, पण एक युक्ती आहे. उजव्या हाताने माऊस नुसता सरकवायचा आणि क्लिक डाव्या हाताने ५ वर करायचं. त्यासाठी वेगळा मिळणारा आकड्यांचा छोटा कीपॅड डावीकडे ठेवला की झालं. दोन हातात काम वाटलं जातं.

हे ऐकायला विचित्र वाटतं ना? पण डग्लस एंगेलबार्ट, ज्यांच्या टीमने १९६४ मध्ये लाकडी खोक्याचा पहिला माऊस बनवला, त्यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा कीपॅड. म्हणजे काम दोन हातांत वाटण्याची कल्पना माऊसइतकीच जुनी आहे. पुढे माऊस जगभर गेला आणि डाव्या हाताचा तो जोडीदार मागे पडला. मला याची खरंच हळहळ वाटते.

ड्रॅग हे पाचातलं सगळ्यात त्रासाचं, कारण त्यात धरणं, दाबणं आणि सरकवणं तिन्ही एकदम चालू असतं. जमेल तिथे ते टाळाच. मजकूर निवडायचा तर सुरुवातीला एकदा क्लिक करा, मग शेवटी जाऊन शिफ्ट धरून क्लिक करा, मधला सगळा मजकूर निवडला जातो. फाईल हलवायची तर कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही. आणि जिथे टाळताच येत नाही, माझ्या कामात चित्रं सरकवताना येत नाहीच, तिथे विंडोजमध्ये माऊसच्या जुन्या सेटिंगच्या खिडकीत क्लिकलॉक म्हणून एक खूण करायची जागा आहे. ती केली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, कॉम्प्युटर समजतो की बटण दाबलेलंच आहे, मग आरामात माऊस सरकवा आणि पोचल्यावर पुन्हा एकदा क्लिक करून सोडा. किती वेळ दाबल्यावर लॉक व्हावं तेही ठरवता येतं. इतकी उपयोगी गोष्ट आणि मी विचारलेल्या दहापैकी एकालाही माहीत नव्हती.

चाकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधलं बोट दुखत असेल तर ब्राउझरमध्ये वाचताना स्पेसबारने पान खाली जातं, शिफ्ट धरून स्पेस दाबलं की वर.

हात थरथरतो अशा लोकांचं गणित वेगळं असतं. माझ्या मामांना कंप आहे. एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं, ते दोन्ही हातांनी माऊस धरून फोटोंच्या फोल्डरवर कर्सर आणतात, पहिला क्लिक बरोबर पडतो, दुसरा पडेपर्यंत कर्सर किंचित सरकलेला असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं यांना फोल्डर ओढायचंय आणि ते शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. मामा म्हणायचे, "अगं, फोटो रोज गायब होतात बघ, मी काहीच केलं नाही." खरंच त्यांनी काही केलं नव्हतं. कर्सरचा वेग बराच कमी केला, एका क्लिकने उघडणं चालू केलं, आयकॉन मोठे केले आणि हलका माऊस काढून जरा जड, टेबलावर बसून राहणारा दिला. बोटांनी फिरवायचा मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल पण अशांना चालतो, कारण क्लिक करताना गोळ्यावरचा हात काढून घेता येतो आणि कर्सर जागचा हलत नाही. कंप जास्त असेल तर कर्सरची थरथर गाळून टाकणारं स्टेडीमाऊस नावाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी मिळतं.

ज्यांना हात जवळजवळ वापरताच येत नाही त्यांच्यासाठी पायाने दाबायचं पेडल आहे, डोक्याच्या किंवा नजरेच्या हालचालीवर चालणारी साधनं आहेत, आणि बोलून कॉम्प्युटर चालवायची सोय आता मॅकमध्ये आणि विंडोज ११ मध्ये आतच येते, व्हॉईस कंट्रोल आणि व्हॉईस ॲक्सेस या नावांनी.

हात बदलायचा विचार असेल तर जरूर करा, पण एकदम नाही. डाव्या हाताने पहिला आठवडा नुसतं वाचणं, ईमेल बघणं एवढंच करा, बारीक काम उजव्यालाच द्या, नाहीतर डावा नवशिक्या हात माऊस इतका आवळून धरतो की तोही दुखायला लागतो आणि मग दोन्ही हात गेले. माऊस मात्र दोन्हीकडून सारखा असलेला घ्या, उजव्या हाताच्या वळणाचा डाव्यात धरू नका. डावं-उजवं बटण सेटिंगमध्ये उलटं करायचं की नाही ते तुमच्यावर. मी नाही केलं, कारण दिवसातून दोनदा हात बदलते आणि प्रत्येक वेळी गोंधळ होतो.

आणि विश्रांती. तासाभराने एकदा दहा मिनिटं उठण्यापेक्षा दर काही मिनिटांनी अर्धं मिनिट हात सोडणं मला जास्त लागू पडलं, आणि ते आठवणीत राहत नाही म्हणून वर्करेव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय, ते मधेमधे खिडकी उघडून थांबवतं. पहिले काही दिवस राग येतो. तेव्हा मी ते बंद करून टाकायचे आणि संध्याकाळी अंगठ्याला हात लावला की कळायचं आज बंद केलं होतं.

सध्या माझ्या टेबलावर डावीकडे साधा माऊस आहे, वाचायला आणि ईमेलला. उजवीकडे पेन टॅब्लेट आहे, चित्रं सरकवायला, त्याचं पेन जाड रबर गुंडाळून अजून जाड केलंय कारण बारीक पेन धरायला अंगठा जास्त दाबावा लागतो. पट्टा ड्रॉवरमध्ये आहे, छपाईला पान द्यायच्या आठवड्यात अजूनही रात्री बांधते. पाण्याचा जग उचलता येतो, एका हाताने.